शार्प्ससाठी नळी निवडताना: .४५-७०, .४०-६५ आणि बाकीचे मोह

शार्प्ससारखी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी धाटणीची, काळ्या दारूच्या काडतुसांवर चालणारी एकबारी रायफल घ्यायची आहे आणि पाचशे मीटरपर्यंतचे पोलादी मेंढे (मेंढ्याच्या आकाराच्या निशाण्या) पाडायचे आहेत, एवढाच हेतू असेल तर उत्तर छोटं आहे: .४५-७०, ३० इंची नळी, १:१८ चा पीळ, म्हणजे नळीतल्या चरांचा (खाचांचा) १८ इंचांत एक पूर्ण फेरा. बहुतेकांना हे पुरतं. तरीही माणसं चुकीची रायफल घेऊन बसतात, कारण ती काडतुसाच्या नावापासून सुरुवात करतात. ‘एकशेदहा’ ऐकायला भारी वाटतं म्हणून .४५-११० घेतात, ३४ इंची नळी फोटोत रुबाबदार दिसते म्हणून तीच मागवतात, आणि मग तीस गोळ्यांनंतर खांदा चोळत बसतात. आधी गोळी ठरवा. गोळीच्या लांबीवरून पीळ ठरतो, त्यानंतर चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) घसा आणि नळीचं वजन. काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी.

या रायफलींचा मुख्य अड्डा म्हणजे अमेरिकेतल्या सिल्हूट (प्राण्यांच्या आकाराच्या पोलादी निशाण्यांच्या) शर्यती. २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढे. कोंबड्या उभ्याने, कशाचाही आधार न घेता मारायच्या. बाकीच्यांसाठी आडव्या काठ्यांचा टेकू चालतो. रायफल एकबारी, उघड्या घोड्याची, १८९६ पूर्वीच्या अमेरिकी धाटणीची हवी आणि तिचं वजन १२ पौंड २ औंसांच्या, म्हणजे साडेपाच किलोंच्या वर जाता कामा नये. हा वजनाचा आकडा ध्यानात ठेवा, नळी निवडताना तो पुन्हा आडवा येतो. दुसरा प्रकार लांब पल्ल्याचा: ८००, ९०० आणि १००० यार्ड. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला १८७४ साली अमेरिकी संघाने आयरिश संघाला ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी हरवलं तो हाच पल्ला. आयरिश नेमबाज तोंडाकडून भरायच्या रिग्बी घेऊन आले होते, अमेरिकी संघाकडे रेमिंग्टन आणि शार्प्स होत्या.

नावातले आकडे सोपे आहेत. .४५-७० मधला पहिला आकडा गोळीचा व्यास, इंचाच्या शतांशात; दुसरा मूळ काडतुसातल्या दारूचं वजन, ग्रेन या बारीक मापात (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड). काही ठिकाणी तिसरा आकडा गोळीच्या वजनाचा असतो. आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) लांब गोळी बसवल्यावर सत्तर ग्रेन मावतीलच असं नाही. ६४ ते ६८ मावतात, आणि त्याने काही अडत नाही. पुंगळीच्या लांबीवरूनही काडतूस ओळखतात: .४५-७० म्हणजे २.१ इंच, .४५-९० म्हणजे २.४, .४५-११० म्हणजे २ ७/८ आणि .४५-१२० म्हणजे सव्वातीन इंच. तोंडाशी गोळी सगळ्यांत तीच. फरक फक्त मागे दारू किती, याचा.

पिळाचा हिशेब

गोळी हवेत स्थिर राहायला तिला फिरकी लागते, आणि किती लागते हे वजनापेक्षा लांबीवर ठरतं. ग्रीनहिलचं सूत्र इथे आजही कामाचं आहे: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. उत्तर येतं तितक्या इंचांत एक पूर्ण फेरा हवा.

.४५८ व्यासाची ४०५ ग्रेनची आखूड गोळी साधारण १.१ इंच लांब असते. तिला २८ इंचांत एक फेरा पुरतो. ५४० ग्रेनची लांब गोळी १.४५ इंचांच्या आसपास जाते, तिला २१.७ लागतो. पण काळ्या दारूची गोळी सेकंदाला साधारण १२०० फूट वेगाने निघते आणि थोड्याच अंतरात आवाजाच्या वेगाखाली उतरते. ही उतरण्याची वेळच नाजूक. डळमळणारी गोळी तिथेच भरकटते. म्हणून सावध हिशेब करताना १५० च्या जागी १२५ धरा. तसं केलं की त्याच ५४० ग्रेनच्या गोळीला १८.१ इंच येतो. .४५ साठी १:१८ का रूढ झाला, याचं कोडं इथे सुटतं.

जुन्या लष्करी रायफलींचा पीळ याहून मंद होता. १८७३ च्या स्प्रिंगफील्डमध्ये १:२२, ४०५ ग्रेनच्या गोळीसाठी. पुढे ५०० ग्रेनची गोळी आली तीही त्याच पिळात निभावली. ब्रिटिशांची १८७१ ची मार्टिनी-हेन्री पण १:२२, सात चरांची, ४८० ग्रेनची गोळी आणि मागे ८५ ग्रेन दारू. (खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे नेमक्या याच पिढीतला. पुण्यात वाढलेल्यांना हा काळ वाटतो तितका परका नाही.) त्या गोळ्यांना १:२२ बरोबर होता. आजची लांब नाकाची ५४० ग्रेनची गोळी त्याच नळीत घातली तर २०० यार्डांवर गट (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) ठीक पडेल आणि ५०० वर कागदावर गोळी आडवी लागल्याची भोकं दिसतील. दोष गोळीचाही नाही, नळीचाही नाही. जोडी जुळलेली नाही.

.४०८ व्यासाच्या ४०० ते ४१० ग्रेनच्या गोळीची लांबी १.३५ इंचांच्या आसपास. १५० धरून १८.५ येतो, १२५ धरून १५.४. म्हणून .४० साठी १:१६. याहून जड गोळी वापरायचीच असेल तर १:१४ मागवा.

जास्त पीळ घेतला तर बिघडतं का? थोडा जास्त चालतो. पण मऊ शिशाच्या गोळीला फार तीव्र पीळ दिला तर ती चरांत नीट पकड घेण्याआधी घसरू शकते, आणि काजळीही जास्त धरते. .४५ मध्ये १:१६ फक्त हजार यार्डांच्या खूप लांब गोळ्यांसाठी. सिल्हूटला त्याची गरज नाही.

कॅलिबर एकेक करून

.४५-७० चं खरं बळ म्हणजे सगळं मिळतं. पुंगळ्या, साचे, डाय, चेंबर कापायची हत्यारं, दुरुस्ती करणारा माणूस. लायमन कंपनीचा ४५७१२५ हा ५०० ग्रेनचा गोल नाकाचा साचा आजही उत्तम सुरुवात आहे. गोळी वाऱ्याला थोडी जास्त झुकते, पण नाक सरळ नळीत टेकतं आणि सहसा रुसत नाही. नंतर ५३०-५४० ग्रेनच्या क्रीडमूर धाटणीच्या गोळीकडे जाता येतं. स्विस १½ (काळ्या दारूची एक जात) ६४ ग्रेनपासून सुरू करून एकेक ग्रेनने वर जा. चांगला भार (दारूचं माप) बहुतेक वेळा ६५ ते ६८ मध्ये सापडतो. ५०० मीटरवरचा मेंढा पायाशी लागला तरी आडवा होतो, हे त्या जड गोळीचं देणं.

उणी बाजू धक्क्याची. १२ पौंडांची रायफल, ५४० ग्रेनची गोळी, १२०० फूट वेग आणि ६८ ग्रेन दारू असा हिशेब केला तर मागे येणारी ऊर्जा साधारण १६ फूट-पौंड भरते. एक गोळी काहीच नाही. पण एका शर्यतीत चाळीस निशाण्या, वर अंदाजाच्या गोळ्या, आणि बाकीचं सगळं पालथं पडून. संध्याकाळी टर्कीच्या फेरीत चाप ओढताना डोळे मिटायला लागतात ते यामुळेच.

इथेच .४०-६५ पुढे येतं. विंचेस्टरने १८८७ मध्ये १८८६ मॉडेलच्या लिव्हर रायफलीसाठी हे काडतूस आणलं. आज ते तिथे फारसं कुणी वापरत नाही, पण सिल्हूटवाल्यांनी त्याला नवं आयुष्य दिलं. ४०० ग्रेनची गोळी, १२५० फूट वेग, ५८ ग्रेन दारू: त्याच वजनाच्या रायफलीत धक्का सुमारे १० फूट-पौंड. दीडपट फरक, आणि तो गुणफलकावर दिसतो. पुंगळी .४५-७० च्या पुंगळीतून बनवता येते किंवा स्टारलाइनची तयार घेता येते. तयारच घ्या. बनवलेल्या पुंगळीची मान जाड राहते; ती आतून छाटावी लागते, नाहीतर गोळी बसवल्यावर काडतूस चेंबरमध्ये अडकतं.

.४०-६५ चे दोन तोटे आहेत, आणि विकणारे ते सांगत नाहीत. एक, वाऱ्यात ४०० ग्रेनची गोळी ५४० ग्रेनच्या गोळीइतकी सरळ राहत नाही. ५०० मीटरवर वारा वाचायची सवय नसेल तर मेंढे उभे राहतात. दुसरा म्हणजे काजळी. नळी अरुंद, आतलं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे प्रत्येक बारामागे राहणारी राख जाड थराने बसते. कोरड्या हवेत .४५ तीन-चार फुंकरांवर (काजळी ओली करायला नळीत सोडलेल्या श्वासांवर) भागवते तिथे .४० ला पाच-सहा लागतात, किंवा दर बारानंतर ओली चिंधी. ही शिस्त ज्याला जमते त्याने .४०-६५ घ्यावी. ज्याला गप्पा मारत शूट करायचं आहे त्याने नाही.

.४५-९० ला आमच्याकडून पसंती, पण फक्त हजार यार्डांसाठी. ७५ ते ८० ग्रेन दारू, जड गोळी, वेगात थोडी वाढ. ८०० च्या पुढे ती वाढ उपयोगी पडते. पुंगळी थोडी कमी भरून आणि वर जाड चकत्या घालून यात .४५-७० च्या ताकदीचे भारही काढता येतात. उलटं, .४५-७० मध्ये .४५-९० चं काम करता येत नाही. दोन्ही प्रकार खेळायचे आणि एकच रायफल घ्यायची असेल तर हा मार्ग रास्त आहे.

.४५-११० आणि त्याच्या पुढचं .४५-१२० यांना आम्ही नको म्हणतो. १०० ग्रेन दारू आणि ५४० ग्रेनची गोळी १३५० फूट वेगाने: धक्का २५ फूट-पौंडांपर्यंत. मिळालेला जास्तीचा वेग हवेच्या अडथळ्यात पहिल्या दोनशे यार्डांत बराचसा विरून जातो, उरते फक्त काजळी. इतक्या दारूची राख ओली ठेवायला गोळीवरचं वंगण पुरत नाही. शिवाय एवढ्या लांब पुंगळीत दारूचा खांब एकसारखा पेटवणं अवघड; वेगात वरखाली होतं आणि दूरच्या निशाण्यावर तेच उभ्या रेषेत पसरलेल्या भोकांत दिसतं. धुराचा मोठा लोट आणि दणका हवा असेल तर जरूर घ्या. तो मिळेलच.

.५०-७० हे १८६६ चं लष्करी काडतूस, मूळ ४५० ग्रेनच्या आखूड गोळीसाठी १:४२ इतक्या मंद पिळाचं. जवळच्या पल्ल्यावर मजेदार, सौम्य आणि साफ करायला सोपं. ६०० ग्रेनच्या गोळीने लांब मारायचं असेल तर नळी १:२६ च्या आसपासची लागते, आणि तोपर्यंत त्याची मूळ गंमत निघून जाते.

.३८-५५ कोंबड्या आणि डुकरांसाठी गोड. पण घेताना पीळ विचारा. जुन्या धाटणीचा १:१८ हा २५५ ग्रेनच्या गोळीसाठी आहे. ३३० च्या पुढची गोळी १:१४ किंवा १:१२ शिवाय स्थिर होत नाही, आणि एवढी जड गोळी नसेल तर ५०० मीटरवरचा मेंढा नुसता टणत्कार करून उभाच राहतो.

बाटलीच्या मानेची काडतुसं, .४४-७७ किंवा .४०-७० बॉटलनेक, हौशी लोकांसाठी. पुंगळ्या बनवण्यातच वेळ जातो.

नळीची लांबी आणि वजन

लांब नळीने वेग फारसा वाढत नाही. खरा फायदा टँग साइट (चापामागे दस्त्यावर बसणारी मागची साइट) आणि माशी (तोंडाकडची पुढची साइट) यांच्यातल्या अंतराचा. व्हर्निअर (बारीक मापपट्टीच्या) साइटवर एक खूण इंचाच्या शंभराव्या भागाची असते, आणि दोन्ही साइटमधलं अंतर ३४.४ इंच असेल तर ती एक खूण बरोबर एक मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) कोन देते. ३० इंची नळीच्या शार्प्सवर अंतर साधारण एवढंच येतं, म्हणून हिशेब तोंडपाठ राहतो. ३४ इंची नळीवर एका मिनिटासाठी ०.०११ इंचांहून थोडं जास्त लागतं. नेम थोडा बारीक होतो, पण चार इंच जास्त नळीचे दोन त्रास पाठोपाठ येतात.

पहिला वजनाचा. एक इंच जाडीची अष्टकोनी नळी चार इंचांनी वाढली की सुमारे ३४० ग्रॅम वाढतात, तेही सगळे तोंडाकडे. उभ्याने कोंबड्या मारताना हे वजन चांगलं वाटतं, माशी डगमगत नाही. पण साडेपाच किलोंची मर्यादा ओलांडली की रायफल शर्यतीतून बाद. इथे एक गोष्ट सहज निसटते: बाहेरचा आकार तोच ठेवून .४५ ऐवजी .४० ची नळी घेतली तर भोक लहान म्हणून पोलाद जास्त उरतं. ३० इंचांत हा फरक सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे साडेचार औंसांचा. .४५ मध्ये नियमात बसणारी रायफल .४० मध्ये जड ठरते ती अशी. .४० ची ऑर्डर देताना एक नंबर हलक्या जाडीची नळी मागवा, किंवा अर्धी अष्टकोनी, अर्धी गोल नळी.

दुसरा त्रास वंगणाचा. गोळीच्या चरांतलं वंगण नळीच्या तोंडापर्यंत पुरलं पाहिजे. ३४ इंचांत शेवटचे पाच-सहा इंच कोरडे राहतात, तिथली काजळी कडक होते आणि पुढची गोळी तिथेच ओरखडते. हे तपासायला काही यंत्र लागत नाही: चार-पाच बारांनंतर नळीच्या तोंडाकडे बघा. चरांच्या संख्येइतक्या पाकळ्यांची चमकदार वंगणाची चांदणी दिसली तर वंगण पुरतंय. तोंड राखाडी, कोरडं असेल तर जास्त वंगणाची गोळी वापरा किंवा नळीच आखूड घ्या. उलट, काजळी ब्रीचकडे (नळीच्या मागच्या, काडतूस भरायच्या टोकाकडे) कडक असेल तर फुंकर कमी पडते आहे. न्यू मेक्सिकोतल्या रॅटनसारख्या उंच, कोरड्या मैदानावर हे दोन्ही त्रास एकाच सकाळी भेटतात.

नळी आतून कशी कापली आहे यावरून वाद खूप. एकेक चर हळूहळू कापणाऱ्या क्रीगरसारख्या कारखान्याची नळी आतून ताणमुक्त असते. डग्लससारखे कारखाने कडक धातूचं बटण नळीतून ओढून चर दाबतात, आणि त्याही उत्कृष्ट असतात. धोका एकाच ठिकाणी आहे: बटणाने चर दाबलेल्या नळीला नंतर बाहेरून अष्टकोनी पैलू पाडले आणि ताण नीट काढला नसेल तर आतला व्यास कुठे कुठे उघडतो. म्हणून कोरी नळी घेताना पैलू आधी पाडले की नंतर, हे विचारा. चर सहा असोत की आठ, .४५ साठी भोक .४५० आणि चरांत .४५८ इंच असं प्रमाण हवं, म्हणजे चर फक्त ०.००४ इंच खोल. खोल चरांत काजळी घर करते.

घसा: सगळ्यात दुर्लक्षित जागा

पुंगळी संपते आणि पीळ सुरू होतो त्यामधला भाग म्हणजे घसा. चेंबर पुंगळीपेक्षा फार लांब कापलं असेल तर मधे रिकामं कडं राहतं. बार उडताना मऊ शिसं त्या कड्यात फुगतं आणि पुढे पिळात शिरताना कातरलं जातं. गज फिरवल्यावर चिंधीवर शिशाचे बारीक चकचकीत कण दिसतात, दहा बारांनंतर गट पसरतो. पुंगळी आणि चेंबरच्या कडेमधली जागा पंधरा हजारांश (०.०१५) इंच असेल तर हरकत नाही. पन्नास हजारांश (०.०५०) असेल तर पुंगळ्या छाटू नका, उलट लांब पुंगळ्या शोधा. कागद गुंडाळलेल्या गोळ्या वापरायच्या असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण त्यांची गोळी भोकाच्या व्यासाची असते आणि कड्यात फुगायला तिला भरपूर जागा मिळते.

रायफल हातात आली की एकही बार काढण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, नळीचं: शुद्ध शिशाची भोकापेक्षा थोडी मोठी गोळी घ्या, नळीला तेलाचा हात फिरवा, लाकडी दांड्याने ती तोंडाकडून हलकेच ठोकून आत घाला आणि गजाने ब्रीचपर्यंत ढकला. ढकलताना हाताला काय लागतं ते महत्त्वाचं. सुरुवातीला जोर, मग एकसारखा अडथळा, हे ठीक. मधेच सैल पडून पुन्हा अडली तर नळीत सैल जागा आहे. बाहेर आलेल्या शिशाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. साच्याची गोळी चरांच्या व्यासाइतकी किंवा एक हजारांश मोठी हवी.

दुसरं माप चेंबरचं, सेरोसेफ या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने. घशाच्या थोडं पुढे चिंधीचं बूच लावा, वितळवून ओता, घट्ट झालं की बाहेर काढा. तो धातू आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो; ओतल्यावर साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो, तेव्हाच मोजा. लगेच मोजलं तर आकडा लहान येईल आणि तुम्ही उगाच कारखान्याशी पत्रव्यवहार कराल.

कोणाकडून

इटलीतल्या गार्डोने व्हाल ट्रॉम्पियाची पेडरसोली सगळ्यात सहज मिळते. .४५-७० मध्ये १:१८ चा पीळ, नळ्या सरळ, चाप दुहेरी असलेली मॉडेलं उत्तम. पैशाला पैसा वसूल अशी पहिली रायफल हीच. ज्या मॉडेलबरोबर नुसती शिडीची मागची साइट येते तिच्यासाठी चांगली व्हर्निअर टँग साइट आणि बदलत्या पुढच्या पट्ट्यांची माशी वेगळी घ्यावी लागते. तो खर्च आधीच धरा, कारण साध्या साइटवर ५०० मीटर मारणं म्हणजे शिसं वाया घालवणं.

मोंटानातल्या बिग टिंबर या छोट्या गावात दोन कारखाने आहेत, शायलो आणि सी. शार्प्स. एवढ्याशा गावात दोन शार्प्सवाले, हीच एक गंमत. दोन्हीकडे कॅलिबर, लांबी, पैलू, दस्त्याचा आकार सगळं निवडता येतं. सी. शार्प्सकडे १८७५ आणि १८८५ ची धाटणीही आहे. हातात घेतल्यावर कारागिरीतला फरक कळतो: घोडा मागे ओढताना कुठे अडत नाही, ब्रीचचा ठोकळा पूर्ण उतरतो. पण रांग लांब आणि किंमत वेगळ्याच वर्गातली. पहिली रायफल म्हणून नको. आधी आपली गोळी कोणती हे कळू द्या, मग इथे ऑर्डर द्या.

ब्राउनिंगची १८८५ बीपीसीआर (म्हणजे काळ्या दारूच्या काडतुसांची रायफल), जपानच्या मिरोकूने बनवलेली, ३० इंची, .४५-७० आणि .४०-६५ मध्ये यायची. आता फक्त जुन्या बाजारात. चांगल्या अवस्थेतली सापडली तर विचार फार करू नका.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: धाटणी दीडशे वर्षांपूर्वीची असली तरी नवी शार्प्स तिथे कायद्याने आधुनिक रायफलच आहे, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. भारतात तर नुसती नळीसुद्धा शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा सुटी नळी बॅगेत घालून आणायचा विचार मनातही आणू नका.

भरताना

पुंगळीत दारू ओतायला २४ ते ३० इंच लांब नळी वापरा आणि सावकाश ओता. कण एकमेकांत बसतात. वर दीड मिलिमीटरची चकती. मग दाबायच्या डायने दारू दाबा, गोळीने कधीच नाही. मऊ गोळीचं नाक वाकतं आणि दोष दारूला दिला जातो. स्विसला थोडासाच दाब आवडतो, गोएक्स या दुसऱ्या दारूला जास्त. शिसं आणि कथील २०:१, काजळी कडक असेल तर १६:१. गोळी अंगठ्याच्या जोराने बसावी आणि तिचा पुढचा पट्टा पिळाला नुसता टेकावा. दारू आणि गोळीमध्ये पोकळी अजिबात राहू द्यायची नाही. आणि धूरविरहित दारू मापाला माप म्हणून यात घालणं म्हणजे ब्रीच फोडणं, त्यावर चर्चाच नको.

पोकळी राहिली की काय होतं ते जुन्या रायफलींत दिसतं. बाराचा दाब गोळीमागे एका जागी आदळतो आणि नळी तिथे कड्यासारखी फुगते. जुनी रायफल बघायला गेलात तर नळीवर उजेडात बोटं फिरवा, आणि आतून ब्रीचकडून बघताना प्रकाशाच्या रेषेत गडद वळं दिसतं का पाहा. शिशाची गोळी तिथे अचानक सैल पडेल. अशी नळी कितीही स्वस्त मिळत असली तरी नवी नळी आणि ती बसवण्याची मजुरी किमतीतून वजा करूनच सौद्याचं बोला.